दुभाष्यासाठी सोडलेली जागा

"काय म्हनतोय त्यो, ताई?"

महादूचा तो सवाल बारा वर्षं सुनीतीबाईंच्या कानात घर करून होता. सुताला खळ लावणाऱ्या साईझिंगच्या कारखान्यात जर्मन इंजिनिअर ओरडला, महादूनं रोलरशी वाकल्या वाकल्या मान वळवून विचारलं, आणि दुभाषी म्हणून उभ्या असलेल्या बाई काहीतरी बोलल्या. मग रोलरनं आधी हात ओढला, मागोमाग माणूस. गाव म्हणालं, साहेब सांगत व्हता, महादूनं आयकलं न्हाय. बाई गप्प राहिल्या.

आता २००६ साल. भिवंडीच्या कॉलेजात बाई टेक्स्टाईलच्या मुलांना कामापुरती जर्मन शिकवत. कॅसेटवर साहेबाचं वाक्य स्वतःच्या आवाजात भरत, पुढं पाच सेकंद फीत कोरी सोडत. तेवढ्या जागेत विद्यार्थ्यानं कामगाराला मराठीत समजावायचं.

दुपारची वेळ, बाहेर लूमची खटखट. सार्थकनं हेडफोन काढले.

"मॅडम, भारी केलंत! कामगाराचा आवाज कुठून आणलात? एकदम आमच्या दापोडा गावचा काका."

बाईंनी खडू खाली ठेवला. सकाळीच ऐकली होती ती फीत. ती जागा कोरीच होती.

शेजारी मैना बसलेली, तिच्याही कानाला हेडफोन. महादूची मुलगी. सोमवारपासून तिची दुभाषी म्हणून पहिली ड्युटी. ती हसली नाही.

"आई सांगते, माझा बाप असाच बोलायचा. साहेबाची भाषा कळली न्हाय म्हणून गेला. म्हणून तर मी शिकले, मॅडम."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, गल्लीतले लूम एका दमात मुके झाले. टेपची चाकं मात्र विजेवाचून फिरत राहिली.

"पाच सेकंद कधीच झाले," मैना हळूच म्हणाली. "साहेबाचं पुढचं वाक्य येतच न्हाय. तो कामगारच परत परत विचारतोय, काय म्हनतोय त्यो."

"मग उत्तर दे त्याला."

"दिलं. म्हणतोय, तू न्हाय पोरी. ताईला विचारतोय मी."

बाईंना वाटलं, सोमवारी ही पोर अशीच यंत्राशी उभी राहील, आणि बापाला दोष देत जन्म काढील.

"मैना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दुभाषी मी होते. साहेब काय म्हणाला ते मला कळलं नव्हतं. परत विचारायची लाज वाटली गं. तुझ्या बापानं विचारलं, आणि मी म्हणाले, काही नाही, चालू द्या."