फ्रेडीच्या पटाशीची रांग

आयडा परेरा गेल्या वर्षभरात जेवढं खोटं बोलली होती, तेवढं आधीच्या साठ वर्षांत मिळूनही बोलली नसेल. त्यातलं निम्मं पटाशीबद्दल होतं. उरलेलं निम्मंही पटाशीबद्दलच होतं.

साकीनाक्याच्या मागच्या गावठाणात तिच्या घराला टेकून एक पत्र्याची शेड होती, आणि तिथे तिचा नवरा फ्रेडी हाताने पटाश्या घडवायचा. लाकडात खाच पाडायला सुतार वापरतो ती पटाशी. बाजारात डझनाने मिळते. फ्रेडीचा बाप मढ-वर्सोव्याला होड्या बांधणाऱ्या सुतारांना हत्यारं पुरवायचा, फ्रेडीही तेच करत राहिला. होड्या फायबरच्या झाल्या, तसं दिवसाला एक गिऱ्हाईक फिरकलं तरी पुष्कळ, अशी अवस्था आली. मग पाच वर्षांपूर्वी पवईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर बडवणारा सुयोग कर्णिक नावाचा इसम वाट चुकून शेडमध्ये शिरला, एक पटाशी घेऊन गेला आणि तिचा फोटो इंटरनेटवर टाकला. झालं! महिन्याभरात अशी रांग लागली की नंबर दोन वर्षांनी येऊ लागला.

ही माणसं सुतार नव्हती. कोणी डॉक्टर, कोणी बँकवाला, कोणी नुसताच श्रीमंत. पण पटाशीसाठी थांबण्यात त्यांना काय गोडी होती, ती आयडाला आजवर कळली नव्हती. तिने लग्नासाठी फ्रेडीची वाट पाहिली होती चार वर्षं, त्यात तिला काडीची गोडी लागली नव्हती.

फोन तीच घ्यायची, कारण फ्रेडी फोनवर शिव्या द्यायचा. उशीर का होतोय असं कोणी विचारलं की आयडा सांगायची, "पोलाद आराम करतंय." दुसऱ्याला सांगायची, "चंद्र मोठा होत असला की आम्ही दांडा बसवत नाही." एकाला तर तिने पटाशी तांदळाच्या पिंपात चाळीस दिवस पुरून ठेवल्याचं सांगितलं. गिऱ्हाइकं संतापतील असं तिला वाटलं होतं, पण ती गहिवरली. तांदळाच्या पिंपाचा किस्सा तर कोणीतरी छापून आणला. शेवटी मन खाऊ लागलं म्हणून ती चर्चमध्ये पाप कबूल करायला गेली, तर फादरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या भावाचा नंबर कधी लागेल?"

खरं कारण वेगळं होतं. फ्रेडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

पटाशीचा जीव पाणी देण्यात असतो. आधी ती लालबुंद तापवून तेलात बुडवतात. ती कडक होते, पण इतकी, की टोला बसला तर खारी बिस्किटासारखी तुटेल. म्हणून मग घासून चकचकीत करायची आणि मंद आचेवर पुन्हा तापवायची. तेव्हा पोलादावर रंग चढतात. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेवर पिवळा आला की त्याच क्षणी बुडवायची. जांभळा येऊ दिला की मऊ पडली, मेली. आणि फ्रेडीला नेमका पिवळाच दिसेनासा झाला होता. गेल्या ईस्टरला त्याने आयडाच्या पिवळ्या साडीला पांढरी म्हटलं, तेव्हाच ती ओळखून होती.

पण बोलायची सोय नव्हती. फ्रेडीच्या बापाचेही डोळे असेच गेले होते. त्याने भट्टीवर पाणी ओतलं, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला आणि तीन महिन्यांत आटोपला. फ्रेडीने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "मला रंग दिसायचा थांबला की मीपण भट्टी विझवणार." ऑपरेशनचं नाव काढलं तरी संडशी भिरकावायचा. आयडाला रांगेची फिकीर नव्हती, रांग गेली खड्ड्यात. तिला त्या खुर्चीची भीती वाटायची. म्हणून ती फोनवर चंद्र वाढवत राहिली, आणि काम जितकं लांबेल तितकं बरं म्हणत राहिली.

तरी ईस्टरनंतर सात पटाश्या बाहेर पडल्याच. सहाजणांकडून स्तुतीचे मेसेज आले. एकाने तर लिहिलं की, पटाशी हातात घेतल्यावर त्याला रडू आलं.

सातवी सहदेव मेस्त्रीने नेली होती. सहदेव दिंडोशीचा, मूळचा मालवणकडचा, त्या सबंध रांगेतला एकुलता एक खरा सुतार. आठ दिवसांनी सकाळी दहा वाजता तो शेडच्या दारात उभा राहिला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पटाशी त्याने ऐरणीवर आपटली.

"फ्रेडी, ह्या काय दिलंस माका? धार वळता मेल्या!"

"खिळ्यावर मारली असशील तू," फ्रेडी गुरगुरला. "चाळीस वर्षं पटाश्या करतोय मी. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"चाळीस वर्षां मी पण लाकूडच तासतंय. माका खिळो कळना नाय?"

भांडण वाढायच्या आत सहदेवने कोपऱ्यातला सागवानाचा तुकडा ओढला, पटाशी घासून सरळ केली आणि ठोकणीने तीन टोले मारले. मग पटाशी फ्रेडीच्या हातात दिली. फ्रेडीने धारेवरून अंगठा फिरवला. डोळ्यांना नसेल दिसत, अंगठ्याला दिसत होतं. धार एका बाजूला लवली होती.

त्याने पटाशी ऐरणीवर ठेवली. आयडाला वाटलं, हा आता पाण्याची बादली उचलणार. पण तो म्हणाला, "सगळ्या परत मागव. सहाच्या सहा. फोन लाव."

सहांतली एक सुयोगने नेली होती, त्याची दुसरी. आयडाने स्पीकर चालू करून आधी त्यालाच फोन लावला. "सुयोग, तुझी नवी पटाशी मऊ आलीय रे. पाठवून दे, काका दुरुस्त करून देतील."

"मऊ? नाही काकी, झकास आहे माझी!"

"कशावर चालवलीस?"

"चालवली नाही अजून. तिच्या लायकीचं लाकूड मिळायला नको का? शोकेसमध्ये ठेवलीय, वरून लाइट सोडलाय."

मुलुंडची रुचिरा देणार नाही म्हणाली. दर रविवारी ती पटाशीला तेल लावायची, आणि असं नातं तोडता येत नाही म्हणाली. घाटकोपरच्या डॉक्टरांनी वेगळीच चौकशी केली. "अशा मऊ फक्त सातच निघाल्यात ना? मग मुळीच देणार नाही." उरलेले तिघेही तसेच. सहा जणांत मिळून एकानेही पेन्सिलसुद्धा तासली नव्हती.

फ्रेडी बाकड्यावर बसला. आईबापांचा उद्धार होईल या तयारीने तो बसला होता, आणि सगळ्यांनी त्याला हार घातले होते. पटाशीच्या जागी चमचा दिला असता तरी यांनी त्याला तेलच लावलं असतं! आयडाला त्या सहाजणांचा असा राग आला की एकेकाच्या घरी जाऊन शोकेस फोडावीशी वाटली. नवऱ्याचा असा पडलेला चेहरा तिने सासऱ्याच्या मौतीलाही पाहिला नव्हता.

"तुमचा रडणा मागसून होऊ दे," सहदेव म्हणाला. "माका उद्या चार दरवाजे बसवूचे आसत. ही नीट करून दी."

या दोन वाक्यांसाठी आयडाने त्याला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

फ्रेडी उठला. दांडा काढला, भट्टी पेटवली. पटाशी लाल केली, बुडवली, घासून लख्ख केली. हे सगळं त्याने हातांच्या सवयीने बिनचूक केलं. मग ती मंद आचेवर धरली आणि वाकून बघू लागला. आणखी वाकला. नाक जवळजवळ पोलादाला लागलं. आयडा दारात उभी होती. तिथूनही तिला दिसत होतं की दांडा बसतो त्या टोकाकडून पिवळा सरकायला लागलाय. ती ओठ दाबून गप्प राहिली. आपण होऊन बोललो तर हा संडशी टाकून जाईल आणि पुन्हा शेडमध्ये पाय ठेवणार नाही, हे ती जाणून होती. आणि गप्प राहिलो तर ही आठवी मेलेली पटाशी.

फ्रेडीने पटाशी आचेवरून बाजूला केली. परक्या माणसासमोर, मान खाली घालून तो म्हणाला, "आयडा, मला रंग दिसत नाय गो. सांगशील?"

ती धावत आली. गुडघ्यांचं दुखणं दारातच राहिलं. "धर परत. धर. धार अजून पांढरीच आहे. मागून येतोय... आला, मध्यावर आला... थोडं थांब... धारेला लागतोय, फ्रेडी, आता! बुडव!"

चर्र आवाज झाला. फ्रेडीने पटाशी पुसली, धार लावली, दांडा ठोकला आणि न बघता सहदेवकडे दिली. सहदेवने पुन्हा तोच सागवान घेतला. तीनऐवजी तीस टोले मारले, मुद्दाम आडव्या रेषेवर, गाठीवरसुद्धा. मग धार फ्रेडीसमोर धरली.

फ्रेडीने अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. धार जरासुद्धा लवली नव्हती. पाठीचा कणा जरा सरळ झाला, आणि लगेच जुना माज परत आला.

"जराशी जास्त तापली. एक क्षण उशिरा बोललीस तू."

"मी उशिरा?" आयडा कडाडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. "मेल्या, ईस्टरपासून मी त्या दारात उभी आहे. तू विचारलंस कधी?"