बसून लावलेला राब

"ठिव ती पाटी खाली," गोजराबाई म्हणाल्या. "आदी दम घे. मंग बोल काय ते."

रत्नाबाईने पाटी ठेवली नाही. ओट्याच्या खांबाला पाठ टेकून तिने दोन-तीनदा श्वास वर ओढला आणि तुटक तुटक म्हणाली, "आत्या, औंदाचा राब... मी लावनार हाय."

अंगणात शेणी रचणारा भिवाजी थांबला. त्याने आईकडे पाहिले, मग बायकोकडे, आणि पुन्हा शेणी रचू लागला.

"तू?" सासू म्हणाली. "समदा माघ भिताडाकडं त्वांड करून पडली हुतीस. परवा कळशी आनताना वाटंत तीनदा बसलीस. आन राब लावतीस व्हय?"

"पडले हुते. आता उटले."

"शेनीची धूळ नाकात गेली म्हंजी?"

"वला पदर बांदीन."

"हिला येड लागलंय का काय, भिवा?" गोजराबाईंनी मुलाला विचारले. भिवाजीने आणखी एक शेणी रचली.

मुळशीच्या त्या दरीत भाताचे रोप टाकायच्या जागेवर आधी राब भाजतात. खाली शेणीचा चुरा, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर पाला, आणि वारा उडवून नेऊ नये म्हणून सगळ्यावर बारीक मातीचा हात. थर जाड पडला तर खालची जमीन करपते, पातळ पडला तर तण तसेच राहते. मग पावसाळ्यात रोप उठले, की कुणाचा हात कुठे चुकला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावरूनच दिसते. तिथे सुनेची पारख भाकरीइतकीच राबावरूनही व्हायची. लग्न होऊन आली त्या वर्षी रत्नाबाईने लावलेल्या राबाचे रोप बघायला पलीकडच्या आळीतून बायका आल्या होत्या.

मग जया झाली आणि त्याच हिवाळ्यात दमा लागला. त्याला आता पाच वर्षे झाली होती. पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी श्वास मोकळा व्हायचा, पण छाती धडधडायची आणि हात इतके कापायचे की सुईत दोरा जाईना. "हा जायचा नाही, बाई," डॉक्टर म्हणाले होते. "पण याच्यासकट जगता येतं." कसे, ते त्यांनी सांगितले नव्हते. ते तिचे तिलाच शोधावे लागले. चूल भिवाजीने पेटवायची, धूर निवला की मग तिने भाकऱ्या थापायच्या. केर काढण्याआधी पाणी शिंपडायचे. आडवे निजायचे नाही, वाकळेची वळकटी पाठीशी घेऊन बसूनच डोळे मिटायचे. एवढे जमले. पण बसल्या बसल्या मन खाली खाली जायचे, त्याला कसली वळकटी लावायची ते काही कळेना. यंदाच्या माघात तर तिने आठ-आठ दिवस केसांना फणी लावली नव्हती. जेवण पुढे आले की ताटाकडे बघून म्हणायची, "मला कशाला एवढं?"

त्यातून ती उठली ती जयामुळे. शेजारची पोर आणि जया उंबऱ्यात भावल्या खेळत होत्या. जयाने आपली चिंध्यांची भावली भिंतीला टेकवून ठेवली होती.

"तुजी भावली सैपाक न्हाई करत?" शेजारच्या पोरीने विचारले.

"न्हाई. ती आय हाय," जया म्हणाली. "आयला नुस्तं बसायचं आस्तं."

जया रागाने बोलली नव्हती की दुःखानेही नाही. पाणी ओले असते हे सांगावे, तसे सांगितले. त्या रात्री रत्नाबाईचा डोळा लागला नाही, आणि ते दम्याने नव्हे. सकाळी तिने केस विंचरले, पाटी उचलली आणि सासूपुढे येऊन उभी राहिली.

"पाडव्यापतूर," शेवटी गोजराबाई म्हणाल्या. "पाडवा झाला की वारं उटतं. तंवर झाला तर झाला. न्हाई तर मी दोन गडी लावून उरकून घेईन, आन फुडं कवा राबाचं नाव काडायचं न्हाई. हाय कबूल?"

"हाय."

पाडव्याला बारा दिवस होते. धडधाकट बाई तेवढा राब दोन दिवसांत लावते.

इतर बायका शेणी काठीने बडवून चुरा करीत आणि उभ्याने पाटी झटकत. तसे केले असते तर रत्नाबाई पहिल्याच पाटीला आडवी झाली असती. तिने नाकाला ओला पदर बांधला, वाऱ्याकडे पाठ केली आणि रानात बसकण मारली. शेणी हाताने मोडायची, तुकडा तुकडा मांडायचा, तेवढी हातभर जागा झाली की बसल्या बसल्या पुढे सरकायचे. ठाकरवाडीची सखू टहाळाचे भारे आणून टाकायची. ते रत्नाबाई फांदी फांदी वेगळी करून शेणीवर निजवायची. ऊन चढले की घरी.

बांधावरून जाता जाता लिलाबाई थांबली. ही चुलत जाऊ, आणि हिची जीभ अख्ख्या आळीला माहीत.

"काय गं रत्ने, राब लावतीस का वाकळ शिवतीस?"

"वाकळच हाय," रत्नाबाई पदराआडून म्हणाली. "तुमास्नी पांगरायला दिऊ का?"

लिलाबाई हसत गेली, पण जाताना वळून दोनदा बघून गेली.

सात दिवसांत निम्म्याच्या वर राब झाला. आठव्या दिवशी दुपारी कुणीतरी खालच्या अंगाला आपला राब पेटवला, वारा फिरला आणि धूर सरळ घरात आला. दोन दिवस रत्नाबाई वळकटीला टेकून बसून होती. ओठ काळेनिळे झाले होते. जया लांबून बघत होती, जवळ येत नव्हती. तिला ते पाठ झाले होते.

अकराव्या दिवशी ती भिंतीच्या आधाराने उठली आणि रानात गेली. बघते तर उरलेल्या राबातला मोठा पट्टा लावून झालेला. कुठे शेणीचा ढीग, कुठे उघडी जमीन, वर टहाळ आडवेतिडवे.

भिवाजी बांधावर उभा होता.

"अवं, ह्ये कुनी घातलं?"

"म्या." त्याने मान खाली घातली. "म्हनलं, तेवडंच तुला..."

नवऱ्याच्या नखांत शेण होते. त्याने हे अंधारात उठून केले होते, हे तिला कळत होते.

"काडा," ती म्हणाली.

"आं?"

"समदं काडा. ह्याला माजं नाव लागंल. तुमचं न्हाई लागायचं."

भिवाजीने टहाळ उचलायला सुरुवात केली. रत्नाबाई शेणी गोळा करू लागली. लावलेला राब उपसणारी जोडी बघून रस्त्याने जाणारे थबकले, आणि कुणीतरी ते गोजराबाईंना जाऊन सांगितले.

त्या आल्या त्या ताडताड. बांधाशी मात्र पाय थांबले. पुढे सात दिवसांचा राब पसरला होता. त्यांनी खाली बसून एका ठिकाणी पाला उचलून खालचा थर बघितला, मग दहा पावलांवर दुसऱ्या ठिकाणी बघितला. मग लुगडे खोचून सुनेच्या शेजारी बसल्या.

"आन ती शेनी हिकडं. म्या मोडून देते. मांड तू."

एक पट्टा दोघींनी मिळून पुरा केला. मग गोजराबाई म्हणाल्या, "येक इचारू? वाटंत तू घडीघडीला खाली बसून पायातला काटा काडतीस."

रत्नाबाई मांडलेला तुकडा उगाच उचलून पुन्हा मांडू लागली.

"त्या वाटंवर येवडे काटे न्हाईत, पोरी. चाळीस वरसं चालतीया मी." त्यांनी एक शेणी मोडली. "दम लागला की बस. कुनाच्या बाची भीती हाय?"

रत्नाबाईला हसू आले, हसताना खोकला आला, आणि खोकताना डोळ्यांतून पाणी. गोजराबाईंनी न बघता पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाडव्याच्या दिवशी राब अजून चार हात बाकी होता. गोजराबाईंनी सकाळी गुढी उभारली आणि म्हणाल्या, "गडी न्हाई लावायचे. जा, उरकून ये." दुपारी पुरणपोळीच्या वेळेला रत्नाबाई शेवटच्या पाल्यावर मातीचा हात फिरवून आली.

राब पेटवताना मात्र धुरामुळे तिला तिथे थांबता येणार नव्हते. वारा पश्चिमेचा, म्हणून ती जयाला घेऊन पश्चिमेच्या उतारावर, सखूच्या ठाकरवाडीत राहायला गेली. वाटेत दहादा बसली आणि एकदाही पायाला हात लावला नाही. संध्याकाळी सखूच्या झोपडीसमोरच्या दगडावरून सगळी दरी दिसत होती. खाली धरणाचे पाणी, आणि कडेकडेने चार-पाच ठिकाणी धूर. एका ठिकाणी भडका उडत होता, एका ठिकाणी मध्येच विझून धूर काळा झाला होता.

"आपला कुटला गं, आये?"

"त्यो बघ. बुटका."

त्या धुरात भडका नव्हता. वाऱ्याच्या उलट अंगाने लावलेली आग एका रेघेत हळूहळू पुढे सरकत होती. आपण बारा दिवस खपलो ते असे लांबून बघावे लागते, याचे रत्नाबाईला वाईट वाटले. पण तिथून हलली नाही. रेघ या बांधापासून त्या बांधाला लागेपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी धूर निवल्यावर ती परत आली, ती घरी न जाता थेट रानात. गोजराबाई बांधावर काठी घेऊन बसल्या होत्या. जवळ लिलाबाई आणि भिवाजी.

"कोंबडी का शेरडू, कुनाचा पाय लागू दिला न्हाई," सासू म्हणाली. "आदी तू बघ."

राख करडी, मऊ, एकसारखी पसरली होती. लिलाबाईने हनुवटीवर बोट टेकवले. "बाई बाई! मऊ भाजलाय गं रत्ने. आमच्या सुनंला दाव की येकदा."

"धाडून द्या तिला," रत्नाबाई म्हणाली. "पर सांगून ठिवा, माज्यासंगं बसून काम करावं लागंल."

ती कडेला उकिडवी बसली. राखेत बोट खुपसले, खालची कोमट माती चिमटीत घेऊन चोळली. थोडी पुढे सरकली, पुन्हा बोट खुपसले. मधे दम लागला तेव्हा तशीच थांबली. बांधावर कुणी घाई केली नाही. अशी ती पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथे तिने तांबडे झालेले एक ढेकूळ उचलून तळहातावर फोडले.

"आत्या, हितं पाला जास्ती झाला," ती तिथून म्हणाली. "फुडल्या साली ह्या कोपऱ्यात हात आकडता घ्येते."

"बरं," गोजराबाई म्हणाल्या, आणि काठी खाली ठेवली.

जया बांधावरून धावत गेली. आईच्या शेजारी तशीच उकिडवी बसली, आणि राखेत आपले इवले बोट खुपसून, कपाळाला आठ्या घालून, खालची माती बघू लागली.