सुटे अंक

'आकडे सुटे बोला' असा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला होता. चौतीस म्हणायचं नाही. तीन, चार म्हणायचं. नियम खुद्द मामांचाच. मामा म्हणजे नियंत्रण केंद्रातले सगळ्यांत जुने इंजिनिअर. सख्खे मामा कुणाचेच नव्हते, पण खोलीतले सगळे त्यांना मामाच म्हणत.

आज सकाळी मात्र मामांची तारांबळ उडाली होती. उपग्रह डोक्यावरून जायला अकराच मिनिटं लागणार होती, आणि रेडिओऐवजी प्रकाशाच्या झोतानं त्याच्याशी बोलायची ही पहिलीच चाचणी. वळण्याचा कोन वाचताना ते घाईत "एकोणपन्नास" म्हणाले. शेजारी बसून आज्ञा टाइप करणाऱ्या तरुण इंजिनिअर मुलीच्या कानांनी त्यातलं पन्नास तेवढं उचललं, आणि बोटांनी नऊ जोडून टाकला. पाच, नऊ.

उपग्रह क्षितिजाखाली गेल्यावर नोंदी तपासताना तिला ते दिसलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. दहा अंश जास्त. तिथे तर सूर्य! झोत टिपणारा उपग्रहाचा काचेचा डोळा आता सरळ सूर्याकडे वळत असणार. तो डोळा तिनं स्वतःच्या हातांनी बसवला होता, सहा वर्षं राबून.

गप्प बसावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला? उपग्रह परत यायला दीड तास होता, आणि काच बिघडायला सतराशे साठ कारणं सांगता आली असती. पण आठ मिनिटांत तो दूरच्या दुसऱ्या केंद्रावरून जाणार होता. तिथून डोळ्यावरची झापड मिटता आली असती.

"मामा, घोळ झालाय माझ्याकडून," ती म्हणाली. "एकोणपन्नासचे मी एकोणसाठ टाकले."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं भिंतीवरच्या नियमाकडे एकदा पाहिलं आणि फोन उचलला.

पुढची वीस मिनिटं कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. मग फोन वाजला. मामांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"झापड मिटली," पलीकडचा ऑपरेटर म्हणाला. "डोळ्याचं तापमान एकोणसत्तर."

पंच्याहत्तरला काच तडकते. खोलीत टाळ्या पडल्या, कुणीतरी तिची पाठ थोपटली. मामा मटकन खुर्चीत बसले. "वाचलो गं पोरी."

ती मात्र फोनवर वाकली.

"सुटे अंक सांगा."

"अहो, सांगितलं ना आत्ताच? एकोणसत्तर."

"सुटे सांगा, दादा. पाया पडते."

टाळ्या थांबल्या. पलीकडे कागद सळसळला.

"सात," तो म्हणाला. आवाज एकदम बसला होता. "नऊ."