जुन्या पेटीचा रकाना

"मग तेवढं वजा करा ना, बाई," साहेब म्हणाले. "नवीन यंत्र पाऊण अंश जास्त दाखवतंय, तर पाऊण अंश वजा करा. संपला विषय."

"रोज पाऊण नसतो, साहेब." बाईंनी वही फिरवून त्यांच्यासमोर सरकवली. "परवा ढग होते, फरक शून्य. काल कडक ऊन, तर नऊ दशांश. सकाळी साडेआठला वेगळा, दुपारी अडीचला वेगळा. थंडीत काय होईल ते थंडी आल्याशिवाय कसं कळणार? सगळे ऋतू एकदा जुनी पेटी आणि नवीन यंत्र, दोन्हींवरून जायला हवेत. एक वर्ष द्या."

"जनरेटरवाले उद्या येतायत. त्यांना काय सांगू, थंडीची वाट बघा?"

"पेटी न हलवता जनरेटर दहा पावलं पलीकडे बसू शकतो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मागितलंय कोणी? विद्यापीठातले इतके लोक आपले आकडे नेतात. एकाचं तरी पत्र आणा की आम्हाला याची गरज आहे. पेटी काढायला सुतार दुपारी येतोय. तोवर आणा, मी थांबवतो."

बाई वही घेऊन बाहेर पडल्या. दहा वाजून गेले होते.

विद्यापीठाच्या आवारातल्या वेधशाळेत त्या एकोणतीस वर्षं निरीक्षक होत्या. हिरवळीवर चार पायांची, झडपांची पांढरी लाकडी पेटी होती. तिच्यातला तापमापक दिवसातून दोनदा वाचायचा आणि आकडा नोंदवहीत लिहायचा, एवढंच त्यांचं काम. पेटी मात्र एकसष्ट वर्षांची होती. तिचा नियम एकच: वाचन चुकलं, तर मागाहून अंदाजाने आकडा भरायचा नाही, आडवी रेघ ओढायची. बाईंच्या काळात नोंदवहीत एकही रेघ नव्हती. त्यांना कावीळ झाली तेव्हा अकरा दिवस नवऱ्याने वाचनं घेतली होती. पहिल्या दिवशी तो उभ्यानेच वाचून आला, म्हणून बाईंनी अंथरुणातून त्याला परत पाठवलं होतं. डोळा पाऱ्याच्या रेषेत आला नाही तर आकडा चुकतो. "देवापुढं वाकलो नाही इतका तुझ्या पेटीपुढं वाकलो," असं तो अजून येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

आता गच्चीवर नवं यंत्र बसलं होतं. ते स्वतःच मोजायचं आणि आकडा कार्यालयातल्या पडद्यावर दाखवायचं. बाईंची त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. पण सिमेंटची गच्ची आणि हिरवळ यांत फरक असतो. तो फरक मोजल्याशिवाय पेटी काढली, तर एकसष्ट जुनी वर्षं आणि पुढची सगळी वर्षं एकमेकांशेजारी ठेवता येणार नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या वहीत तीनशे पासष्ट ओळी आखल्या होत्या. रोज एक ओळ, तिच्यात सकाळ-दुपारच्या आकड्यांचे तीन रकाने: जुनी पेटी, नवं यंत्र, फरक. काल सतरावी ओळ पूर्ण झाली होती.

पहिल्यांदा त्या वैद्यकीय विभागात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई उन्हाळ्यातले कडक दिवस आणि त्या दिवशी दाखल झालेले रुग्ण यांची तुलना करत होत्या.

"अहो, पाऊण अंशाने आमचं काय बिघडणार?" त्या म्हणाल्या.

"चाळीसच्या वर किती दिवस गेले ते तुम्ही मोजता ना? एकोणचाळीस पूर्णांक चारचा दिवस नव्या यंत्रात चाळीसच्या वर जातो. रुग्ण तेवढेच, कडक दिवस जास्त. उद्या तुम्ही लिहाल की लोकांना उन्हाची सवय झाली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे खरंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण पत्रावर विभागप्रमुखांची सही लागते. ते परिषदेला गेलेत. सोमवारी चालेल?"

"सोमवारी पेटी नसेल."

"मग काय करायचं?" असं त्यांनी बाईंनाच विचारलं.

इतिहासाचे प्राध्यापक दोन प्रांतांतल्या जुन्या दुष्काळांची तुलना करत होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाई, माझ्या दोन प्रांतांत धान्याची मापं वेगळी. नाव एकच, माप वेगळं. तीन वर्षं गेली माझी ते जुळवण्यात, आणि अजून खात्री नाही. तेव्हा कोणीतरी एक दिवस दोन्ही मापं शेजारी ठेवून भरून बघितली असती तर?"

"मी तेच करतेय, सर. पत्र द्या."

"माझं काम तुमची पेटी बसण्याच्या आधीच्या काळातच संपतं हो. मी कुठल्या तोंडाने पत्र देऊ? लोक हसतील." ते स्वतःच हसले. "शंभर वर्षांनी कोणीतरी माझ्यासारखा बसेल डोकं धरून."

बाईंनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

वनस्पतीवाल्या संशोधकाला समजवावंच लागलं नाही. तो झाडांचे बहर आणि उष्णता यांचा मेळ घालत होता. वहीची दोन पानं बघून त्याने कागदावर भराभर हिशेब केला आणि मान हलवली.

"पुढच्या वर्षी माझ्या आलेखात ऊब वाढलेली दिसेल आणि झाडं जुन्याच तारखांना फुलतील. मी लिहीन, झाडं दाद देत नाहीत. आणि झाडं बरोबर असतील."

"मग लिहून द्या ना."

त्याने दाराकडे पाहिलं. "माझा प्रस्ताव सध्या तुमच्या साहेबांच्याच समितीपुढे आहे, बाई. तुम्ही समजून घ्या."

बाईंनी सगळ्यांचं सगळं समजून घेतलं होतं. पायऱ्या उतरताना त्यांच्या डोक्यात राग घणासारखा ठोके देत होता. विरोध करणारा कोणी भेटला असता तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळ्यांना कळत होतं आणि कोणालाच वळत नव्हतं.

वेधशाळेत परतल्या तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. हिरवळीवर सुतार पिशवीतून पेचकस काढत होता.

"अडीचला वाचन आहे," बाई म्हणाल्या. "तोवर हात लावू नका."

"काढायचीच आहे तर आता वाचून काय मिळणार?"

त्यांनी वही उघडून त्याला रकाने दाखवले. सकाळपासून चौथ्यांदा तेच सांगत होत्या, त्यामुळे दोन वाक्यांत संपलं.

"असं होय." सुतार गवतात बसला. "माझ्या भावानं एकदा मोजायची जुनी टेप टाकून दिली अन् नवीन आणली. निम्मा जिना जुनीनं, निम्मा नवीननं. दोघींत फरक निघाला. एक पायरी बसेना."

"मग?"

"मग काय. निम्मा जिना उखडला, पुन्हा केला. मालकाच्या शिव्या वेगळ्या."

"आमच्याकडे पुन्हा करता येत नाही," बाई म्हणाल्या.

पेचकस पिशवीत ठेवून सुताराने पिशवीचं तोंड बंद केलं आणि वाचनाच्या वेळेपर्यंत तसाच बसून राहिला. मध्ये एकदा साहेब खिडकीत आले. त्यांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं. पत्र नव्हतं. ते आत गेले.

अडीच वाजले. बाईंनी पेटीचं दार उघडलं, श्वास रोखला, गुडघे वाकवून डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला. चौतीस पूर्णांक सहा. आत जाऊन पडदा पाहिला. पस्तीस पूर्णांक चार. फरक आठ दशांश. अठरावी ओळ भरली. मग त्यांनी तापमापक काढून कापसात गुंडाळला आणि सुताराला म्हणाल्या, "घ्या आता. दाराचे स्क्रू गंजलेत, तेल टाका आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला हिरवळीत चार चौकोनी खड्डे होते. त्यांच्या मधलं गवत पिवळं होतं. बाईंनी पडद्यावरचा आकडा वहीत उतरवला. मग ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि एकोणिसाव्या ओळीत जुन्या पेटीच्या रकान्यात सरळ आडवी रेघ ओढली. फरकाच्या रकान्यातही ओढली. शाई वाळू दिली, आणि खालच्या ओळीत उद्याची तारीख घातली.