लिंबूपाण्याचा बर्फ

एकोणीसशे सदुसष्ट सालची ही गोष्ट. त्या वर्षी शाळेच्या मागच्या भिंतीला नवा पिवळा रंग दिला होता, आणि त्याच वर्षी विज्ञानाचे मास्तर गेले. त्यांना सगळे भिंगसर म्हणत, कारण त्यांच्या खिशात कायम एक भिंग असे. त्या भिंगातून ते मुलांना किड्याचे पाय दाखवत, कुणाच्या बोटात कुसळ गेलं तर ते काढून देत, आणि घरी आल्यावर बायकोच्या सुईत दोरा ओवून देत. बायकोची जवळची नजर अधू होती आणि ती त्याच शाळेत शिवण शिकवायची. मुलं तिला शिवणबाई म्हणत.

भिंगसर फळ्यापाशी कोसळले तेव्हा ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या वर्गात मुलींना काज करायला शिकवत होती. शिपाई धावत आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, लवकर चला, सर पडलेत."

तिने मान वर केली. मुलींकडे बघून म्हणाली, "दोरे तसेच सोडू नका. आधी गाठ मारा." आणि मग उठली.

ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सरांच्या बोटांना खडू तसाच होता.

तिचं ते 'गाठ मारा' मात्र सगळीकडे पसरलं. "नवरा तिकडे पडलाय आणि ही गाठी मारायला सांगतेय!" भेटायला आलेल्या बायका जिन्यातच कुजबुजत. "डोळ्यात टिपूस नाही हो. दगड आहे, दगड." तिच्या कानावर हे येई आणि तसंच खाली पडे. झोपेत अंगाखाली हात दबला की सकाळी तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो ना, तसं तिला सबंध स्वतःचंच झालं होतं. ती कपडे धुवायची, भांडी घासायची, समोर आलेलं खायची. चव विचारली असती तर सांगता आली नसती.

घरात तिची सासू होती आणि सातवीतली मुलगी. मुलगी अंगाने बारीक आणि सारखी काहीतरी उचलून आणणारी, म्हणून बापाने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. शाळेत आईला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा नियम तिला पहिल्या दिवसापासून होता. बाप गेल्यावर ती घरीही बाईच म्हणायला लागली. "बाई, जेवायला वाढू का? बाई, दिवा मालवू का?" तेवढंच. बाकी हूं की चूं नाही.

सासूबाईंना ते सोसेना. एकदा त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, त्या पोरीशी बोल काहीतरी. घरातल्या दोघी मुक्या झाल्यावर मी काय या पातेल्याशी बोलू?"

"काय बोलू?"

"काहीही बोल. ओरड. एक धपाटा घाल. मला शिव्या दे हवं तर, मी ऐकून घेते."

"तुम्हाला कशाला शिव्या देऊ?"

"हेच ते," सासूबाई पातेल्याला म्हणाल्या. "ऐकलंस?"

शाळेच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्या शिवणाच्या नोकरीच्या नव्हत्या, विज्ञानाच्या होत्या. हे सांगायला मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्वतः चालत आल्या. खुर्चीच्या कडेवर बसून चष्मा पुसत म्हणाल्या, "हे बघा, आडपडदा ठेवत नाही. पुढच्या वर्षी शिवणाचे तास बंद होतायत. विज्ञानाला नवा माणूस आला की खोल्या त्याला द्याव्या लागतील. तुमचं विज्ञान शाळा संपेपर्यंत होतं ना?"

"होतं."

"मग मधल्या वर्गांना तुम्ही घ्या. तपासणीचे साहेब तुमचा एक पाठ बघतील. त्यांनी हो म्हटलं की नोकरी तुमची, खोल्याही तुमच्या. पुस्तकात आहे तेवढं शिकवा, म्हणजे निभावून जाल."

"बरं," शिवणबाई म्हणाली.

अशी ती सुईदोरा सोडून चुंबकाकडे वळली. रोज आदल्या संध्याकाळी एक धडा वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच सांगायचा. मेणबत्तीवर पेला पालथा घातला, ज्योत विझली. कुंडीतलं रोप खिडकीकडे वाकलं. चुंबकाने टाचण्या उचलल्या. तिला कशाचंच नवल वाटलं नाही. वर्गात एक मुलगी होती, वाद घालण्यात पटाईत, तिला सगळे वकील म्हणत. तिने एकदा विचारलं, "बाई, रोपाला कसं कळतं खिडकी कुठे आहे ते?"

"पुस्तकात नाही दिलेलं."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," शिवणबाई म्हणाली.

वर्ग खो खो हसला. मुंगी हसली नाही. तिने मान खाली घालून बाकावरचा शाईचा डाग नखाने खरवडला.

साहेबांपुढच्या पाठाला धडा ठरला उष्णता आणि तापमान. पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं होतं: पदार्थाला उष्णता दिली की त्याचे तापमान वाढते. शिवणबाईने आधी घरी करून बघायचं ठरवलं. प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला, बर्फ आणून फोडला, पातेल्यात घालून शेगडीवर ठेवला. पारा उतरत उतरत शून्यावर आला आणि तिथेच बसला. ती ढवळत राहिली. खाली आच, वर पारा ढिम्म.

"ताप बघायचा तोच ना हा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, हा वेगळा."

"मग बिघडलाय."

तिलाही तेच वाटलं. आच लागतेय आणि पारा हलत नाही म्हणजे नळीच बाद. बर्फ पुरता विरघळायच्या आत तिने पातेलं खाली उतरवलं. शिवणात खराब कापडाला खूण करतात तसा त्या थर्मामीटरच्या टोकाला तिने लाल दोरा बांधला आणि तो प्रयोगाच्या सामानाच्या पेटीत ठेवून दिला. मुंगी दारात उभी राहून बघत होती. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसती बघून निघून गेली.

मोठ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, बर्फाचा उपद्व्याप करता कशाला? साधं पाणी तापवा, पारा वर चढलेला दाखवा, की झालं."

साहेब आले त्या दिवशी उकाडा मी म्हणत होता. मोठ्या बाईंनी त्यांच्या लिंबूपाण्यासाठी मुद्दाम बर्फ मागवून भुशात गुंडाळून ठेवला होता. साहेब मागच्या बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, साहेब देहाने ऐसपैस, गुडघे हनुवटीशी आले. शिवणबाईने काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, दोरा नसलेला थर्मामीटर काढला, स्पिरिटचा दिवा पेटवला. पारा शहाण्यासारखा चढला. मोठ्या बाईंनी दारातून मान डोलावली.

"छान," साहेब म्हणाले. "मग मुलांनो, उष्णता दिली की काय होतं?"

"तापमान वाढतं!" अख्खा वर्ग ओरडला.

आणि तो आवाज खाली बसतो न बसतो तोच एकटी मुंगी म्हणाली, "नेहमी नाही."

साहेबांनी मान वळवली. "कोण म्हणतं असं?"

"बाबा."

कुणाचे बाबा ते तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. मोठ्या बाई दारातून शिवणबाईला खुणावत होत्या, की बसवा तिला खाली. सोपं होतं. पोर दुःखात आहे एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पुस्तक शिवणबाईच्या बाजूला होतं, साहेब तिच्या बाजूला होते आणि दोन खोल्याही तिकडेच होत्या.

"काय बाई? तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

शिवणबाईने मुंगीकडे बघितलं. मुंगी खाली बसत नव्हती.

"करून बघू," शिवणबाई म्हणाली. "बर्फ पाहिजे. मोठ्या बाईंच्या खोलीत आहे, घेऊन ये."

मोठ्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, तो साहेबांच्या—" म्हणेपर्यंत मुंगी त्यांच्या कोपराखालून पसार झाली होती.

बर्फ आला, फोडला, भांड्यात पडला. मुंगी थर्मामीटर धरून उभी राहिली. "तळाला टेकवू नकोस," एवढंच शिवणबाई म्हणाली आणि काचेच्या कांडीने ढवळायला लागली. पारा शून्यावर येऊन बसला. खाली दिवा जळत होता. सगळे वाकून बघत होते. पारा जागचा हलेना.

"बाई, थर्मामीटर बिघडलाय," वकील म्हणाली.

शिवणबाईचा हात थबकला. मग तिने पेटीतून लाल दोऱ्याचा थर्मामीटर काढला आणि वकीलच्या हातात दिला. "हा पण घाल."

दोन्ही नळ्या शेजारी शेजारी. दोन्ही शून्यावर. वकील कधी इकडे, कधी तिकडे बघत राहिली. "दोन साक्षीदार एकच सांगतायत, बाई. दोघं कसे खोटं बोलतील? पण दिवा तर जळतोय. मग उष्णता जाते कुठे?"

"मला माहीत नाही," शिवणबाई म्हणाली.

घंटा झाली. बाहेर व्हरांड्यात पळापळ सुरू झाली. साहेबांनी घड्याळात बघितलं, घसा खाकरला. दुसरी कुणी असती तर एव्हाना घाबरी झाली असती, दिवा विझवून क्षमा मागून मोकळी झाली असती. शिवणबाईला भीती शिवलीच नाही. तिला थांबणं जड नव्हतं. ती किती दिवस तेच करत होती. ती ढवळत राहिली.

"बर्फ बघा ना," मुंगी हळूच म्हणाली. "कमी होतोय. तिकडेच जातेय सगळी उष्णता. वितळायला लागते ती. बाबा म्हणायचे, जातेय तोवर वरून काही दिसत नाही."

भांड्यात बर्फाचा एक काचेसारखा तुकडा उरला. मग त्याची कड गेली. मग तो दिसेनासा झाला.

"आई!" मुंगी किंचाळली. "आई, बघ ना, हलला!"

नियम मोडला होता, तोही साहेबांपुढे. शिवणबाईने वाकून बघितलं. जवळचं तिला नीट दिसत नव्हतं, पारा तर मुळीच दिसला नाही. ती म्हणाली, "हो. हलला."

साहेबांनी मोठ्या बाईंच्या खोलीत कोमट लिंबूपाणी संपवलं आणि शिवणबाईला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना बोलणं जिवावर आलं होतं. "पाठ वेळेत संपला नाही, बाई. मुलीने विचारलं त्याचं उत्तर तुम्हाला येत नव्हतं. पुस्तकात आहे त्यापेक्षा वर्ग भलतंच शिकला. मला हो म्हणता येणार नाही."

"बरं."

"तुम्ही तिला खाली का नाही बसवलंत? पाण्याचा प्रयोग झालाच होता. मी हो म्हणूनच बसलो होतो."

"पोरगी खरं बोलत होती," शिवणबाई म्हणाली.

बाहेर पडताना मोठ्या बाई नुसत्या म्हणाल्या, "घर घालवलंत, आणि साहेबांचा बर्फही वितळवलात." पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. त्या रात्री जेवताना मुंगी आईच्या ताटात वाढून म्हणाली, "आई, अजून घे." सासूबाईंनी पातेल्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत.

वर्ष संपल्यावर खोल्या सोडल्या. नवे मास्तर आले, त्यांनी आल्या आल्या लाल दोऱ्याचा थर्मामीटर बिघडलेला समजून कचऱ्यात टाकला. तो मुंगीने उचलला.

साहेब पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले. शाळेत कुणी लिंबूपाणी विचारलं की नको म्हणायचे, असं ऐकिवात आहे. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे राहायला गेल्या. वकील कोर्टाची पायरी कधी चढली नाही. तिने औषधाचं दुकान काढलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर वाद घालत जन्म काढला. सासूबाई नव्या घरात बरीच वर्षं होत्या, शेवटपर्यंत बोलत होत्या. मुंगी फळं साठवायच्या शीतगृहात यंत्रं तपासायच्या कामाला लागली. तो थर्मामीटर तिच्या टेबलाच्या खणात असायचा, दोरा फिका पडलेला.

शिवणबाईने बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवणाचं दुकान टाकलं. तिथेच एका दुपारी, सर गेल्याला वर्ष उलटून गेल्यावर, तिने गिऱ्हाइकाच्या कॉलरसाठी सुई घेतली, दोरा तोडला, आणि सवयीने सुई-दोरा बाजूला पुढे केला. कुणी घेतला नाही. हात तसाच राहिला. मग ती अशी रडली की शेजारचा चपलांचा दुकानदार काम टाकून धावत आला. शाळेतून मुंगी आली, तिने दप्तर ठेवलं, बापाचं भिंग काढलं, आणि आईच्या हातातली सुई घेऊन दोरा ओवून दिला.

पुढे कामावर जाताना मुंगी रोज दिवसभराच्या सुया ओवून टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवायची. संध्याकाळपर्यंत त्या संपत.