खेळती हवा

“इथंबी उघडीच! जिकडं जावं तिकडं खिडकी उघडी. वारं घुसून राहिलं सारं, अन् याले म्हना बंद कर, तं हा तिथंच जाऊन उभा.”

बाकावर शेजारी बसलेली म्हातारी कुणाशी बोलतेय, हे चारुशीलाला आधी कळेना. तिनं पदर कानावरून घट्ट ओढला होता आणि सगळं बोलणं त्या पदराच्या आतच चाललं होतं. मग लक्षात आलं, तक्रार समोरच्या म्हाताऱ्याबद्दल आहे. विधानभवनाच्या त्या लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला एक खिडकी होती, आणि डिसेंबरच्या सकाळी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर घालून, तो माणूस ती सताड उघडून तिच्यासमोर उभा होता. शिपायानं मघाशी येऊन खिडकी लावली होती. शिपायाची पाठ फिरली तशी यानं पुन्हा उघडली.

चारुशीलानं म्हातारीला बघताक्षणी ओळखलं. कोराडीच्या बायजाबाई. म्हातारीनं मात्र तिला ओळखलं नव्हतं, आणि ते बरंच होतं. दोन वर्षांपूर्वी आयोगासमोर बायजाबाईंची साक्ष झाली, तेव्हा चारुशीला कोपऱ्यात वहीत मान घालून बसलेली होती. लघुलेखिकेचं तोंड कुणी बघत नाही. ती मागे पडली तर तिच्या बोटांकडे बघतात, एवढंच.

अधिवेशनाचे दिवस होते. या दिवसांत सरकार मुंबईहून नागपूरला येतं, आठपंधरा दिवस थंडी वाजवून घेतं आणि संत्र्यांच्या पेट्या घेऊन परत जातं. यंदा त्यात एक समिती बसली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यांमध्ये माणसं कशी मेली, याची चौकशी करायला आधी एक आयोग नेमला होता. त्या आयोगानं चौकशी नीट केली का, आणि त्याच्या शिफारशींवर सरकारनं पुढे काय केलं, हे आता आमदारांची ही समिती तपासत होती. चौकशीचीच चौकशी, असं घरी नवऱ्यानं म्हटलं होतं, आणि पोहे मागून घेतले होते.

चारुशीलाला बोलावलं होतं ते तिच्या वह्यांसाठी. साक्षी तिनं लघुलिपीत घेतल्या होत्या. तेव्हा आयोगाचे सचिव असलेले मधुसूदन साहेब आता खात्यात वरच्या जागेवर होते. त्यांनी सकाळीच फोन केला होता. “वह्या आणा, मॅडम. पण विचारल्याशिवाय उघडू नका. आणि काळजी करू नका, कोणी विचारणार नाही.” मग थोडं थांबून, “मार्चमध्ये तुमची बढतीची यादी आहे ना?”

पाच वह्या मांडीवरच्या कापडी पिशवीत होत्या. पिशवीचे बंद तिनं बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

“तू कोनाची आली वं बाई?” म्हातारीनं पदरातून तोंड बाहेर काढलं. “तुहंबी कोनी गेलं का त्याच्यात?”

“नाही मावशी. मी ऑफिसच्या कामाला.”

“मंग सांग ना त्या शिपायाले, खिडकी लाव म्हना, अन् कुलूप घाल. घरीबी हेच. सारा हिवाळा खिडकी उघडी. आमच्याकडं राख येते ना, कारखान्याची. दिवसातून तीनदा भांडे पुसते मी. चहात राख, पांघरुनात राख. सून म्हने, आई, मले नाही जमत हे. माहेरी गेली नंदिनी. मी कोनाले सांगू?”

“बाबा का उघडी ठेवतात?”

बायजाबाईंनी खिडकीकडं बघितलं. म्हाताऱ्याची पाठ इकडं होती. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

“पोरगा आमचा, संघपाल. दवाखान्यात होता. तवा घरच्याले आत जाऊ देत नव्हते, पन पानी पाजाले मानूस नव्हता, मंग त्या वॉर्डबॉयनं बुढ्याले घेतलं आत. सांजच्याले पोरगा म्हने, बाबा, थंडी वाजून राहिली. तापात होता ना. तं यानं खिडकी लावली. हातानं लावली, अन् कडी घातली. मंग याले बाहेर काढलं, अन् सकायी मी गेली आत.” त्या थांबल्या. “तवा काही नव्हतं याच्या मनात. रडला, पडला, मंग खाऊ-पिऊ लागला. अन् मंग तो रिपोट आला. पेपरात छापून आलं, माह्याच नावानं. वॉर्डात खेळती हवा नव्हती, म्हनून मानसं मेली. यानं चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. पेपर घडी केला अन् उठून घरातली खिडकी उघडली. तवापासून.”

चारुशीलाच्या बोटाला बंद आवळला गेला होता. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

“तुम्ही सांगितलं नाही का त्यांना? खिडकीनं नाही म्हणून?”

“सांगतलं वं! घसा फाडून सांगतलं. तो म्हने, तू सांगतं ते तोंडी हाय, हे लेखी हाय. खाली सही कोनाची हाय? तुहीच ना?” म्हातारी हसली, पण ते हसू पदराच्या काठापर्यंतच आलं. “सही तं माहीच हाय. चौथी शिकली मी. अंगठा नाही देत कुठं. त्या दिवशी त्यायनं वाचून दाखवलं, मले वाटलं हापिसात असंच बोलत असतीन. मोठ्या लोकायची मराठी. केली सही. आता बस्तीत मले खिडकीवाली म्हंतात. म्हनू दे. मले एकच पाहिजे, त्यायच्या कागदात बरोबर लिहून भेटलं पाहिजे. याले दुसरं नाही समजत. कागदाले कागदच पाहिजे.”

चारुशीलाला उठून निघून जावंसं वाटलं. पण जायचं कुठं? तिचं तर नाव पुकारणार होते.

ते खेळत्या हवेचं वाक्य तिनं टंकलं होतं. दुसऱ्या कुणी नाही. शाळेत ‘मले’ म्हटलं की बाई वर्गासमोर उभं करायच्या, तेव्हापासून तिनं स्वतःच्या तोंडातला एकेक ‘ले’ वेचून काढला होता. वाचनालयातली पुस्तकं वाचून मराठी नीट केली, लघुलेखनाची शंभरच्या वेगाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. आयोगात तिचं कामच ते होतं. ‘त्याले’चं ‘त्याला’ करायचं, ‘भेटली’चं ‘मिळाली’ करायचं, आणि तिला ते इतकं सवयीचं होतं की आईचा फोन आला तरी ती मनात दुरुस्त्या करत ऐकायची. बायजाबाईंची साक्ष संपल्यावर मधुसूदन साहेब तिच्या टेबलाशी आले होते. “ही ‘हवा’ फार मोघम आहे, मॅडम. कसली हवा? जरा नीट वाक्य करा.” तिनं मान वर केली. साहेबांनी नजर दुसरीकडं नेली. तिनं वाक्य नीट केलं.

दुसऱ्या लाटेच्या एप्रिलमध्ये तिची आईही मनीषनगरकडच्या एका दवाखान्यात होती. जिन्यात उभी राहून ती वॉर्डबॉयचं ओरडणं ऐकायची. “तीनले हवा लाव! सातची हवा काढ, तीनले लाव!” तीन नंबरवर आई होती. आई घरी आली. सात नंबरवर कोण होतं, हे चारुशीलानं कधी विचारलं नाही.

“बायजाबाई धोंडबा!” दारातून पुकारा झाला. शिपायानं चारुशीलालाही आत यायची खूण केली.

“चाला गा,” बायजाबाई खिडकीकडं बघून म्हणाल्या. “आता तरी सोडा ते.”

धोंडबा वळले. जाताना खिडकीच्या पल्ल्याखाली त्यांनी खिशातला कागदाचा बोळा घातला, आपोआप लागू नये म्हणून.

आत लांब टेबल, काजूच्या बशा, पाण्याच्या बाटल्या. मधोमध अध्यक्षताई, दोन्ही बाजूंना आमदार. एका कोपऱ्यात विधिमंडळाची प्रतिवेदक, रोशनी नावाची, लॅपटॉपवर बोटं ठेवून तयार. चारुशीलाला तिच्या पाठीतला ताठपणा ओळखीचा वाटला. धोंडबांनी सगळ्यांना “जयभीम” केला आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसले.

“शिफारस क्रमांक नऊ,” मधुसूदन साहेब वाचू लागले. “वॉर्डांमधील खेळत्या हवेचा अभाव हे मृत्यूंमागील एक महत्त्वाचे कारण असल्याचे आयोगाचे मत. त्यानुसार संबंधित रुग्णालयांतील एकूण बेचाळीस खिडक्या रुंद करण्यात आल्या. शिफारशीची शंभर टक्के अंमलबजावणी झालेली आहे. छायाचित्रे सोबत आहेत.”

अल्बम हातोहात फिरला. सगळ्या खिडक्या एकाच निळ्या रंगाच्या होत्या.

“खिडक्या तं मस्त हायेत,” चंपतराव नावाचे एक आमदार पानं उलटत म्हणाले. “जाळ्या लावल्या का पन? नाही तं पुढच्या साली आपल्यालेच डेंग्यूची चौकशी लावा लागन.”

टेबलाभोवती हशा पिकला. अध्यक्षताईंनी पेन आपटलं.

“आणि ऑक्सिजनबद्दल आयोग काय म्हणतो?”

“दाबात काही प्रमाणात चढउतार आढळले, मॅडम.”

“चढउतार म्हणजे?”

“तफावत.”

“म्हणजे?”

“पुरवठा आणि मागणी यांतली, मॅडम.” साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. चंपतरावांनी काजू उचलला आणि तोंडात न टाकता बोटांत धरून ठेवला.

मग अध्यक्षताईंनी बायजाबाईंचं निवेदन वाचून दाखवलं. “‘वॉर्डात हवा खेळती राहिली नाही. त्यामुळे माझ्या मुलास पुरेशी हवा मिळाली नाही.’ आजी, हे तुमचंच म्हणणं ना?”

“मी हवा म्हनली.”

“तेच लिहिलंय. खेळती हवा.”

“खेळती नाही म्हनली मी. कायले म्हनू? पोरगा मरून राहिला होता अन् हवा कोनासंग खेळन?”

अध्यक्षताईंनी कागदावरून मान वर केली.

“यांची सही आहे, मॅडम,” मधुसूदन साहेब हळू आवाजात म्हणाले. “निवेदन वाचून दाखवलं होतं. आता दोन वर्षांनी आठवणीत थोडा फरक पडणारच. वय आहे.”

“वय हाय, पन येडी नाही मी, साहेब.”

“सही तुहीच हाय,” भिंतीकडून आवाज आला. धोंडबा कुणाकडं बघत नव्हते. “खिडकी मी लावली होती. लिहून घ्या तेबी. हिले त्रास नका देऊ.”

रोशनीची बोटं चालली. चारुशीलानं ती टकटक ऐकली. एकेक अक्षर कागदावर चाललं होतं. या वेळी तरी धोंडबा जसं बोलले तसं, पण चाललं होतं ते चुकीचंच. कागदाले कागदच पाहिजे, असं म्हातारी म्हणाली होती.

तिनं पिशवीचे बंद सोडले.

“मॅडम, माझ्याकडे मूळ वही आहे.”

मधुसूदन साहेबांनी मान वळवली. “त्याची गरज नाही, मॅडम. टंकलिखित प्रत ग्राह्य—”

“वाचू द्या,” अध्यक्षताई म्हणाल्या.

तिसरी वही. पान तिला शोधावं लागलं नाही, ते आपोआपच उघडलं, कारण दोन वर्षांत ते बऱ्याचदा उघडलं गेलं होतं. लघुलिपीत शुद्धलेखन नसतं. कानावर आलं तसं उतरवायचं. रेघा, आकडे, ठिपके. तिनं चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं. पहिल्या शब्दाला जीभ अडली. मग बायजाबाईंचाच आवाज तिच्या तोंडून येऊ लागला, कारण तो तिच्या आईचाही होता.

“‘सकायी मी आत गेली तं सारे पयत होते. हवा सरली, हवा सरली, असं वरडून राहिले होते. माह्या पोराले हवा भेटली नाही. नळी नाकात होती, पन त्याच्यात काहीच नव्हतं. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मंग नाही पाह्यलं.’”

रोशनी थांबली होती. “मॅडम,” तिनं अगदी दबक्या आवाजात विचारलं, “‘मले-त्याले’ तसंच ठेवू, की...?”

“तसंच ठेवा,” चारुशीला म्हणाली. “एक अक्षर बदलू नका.”

“‘हवा’ या शब्दाचे अनेक अर्थ होतात,” मधुसूदन साहेब म्हणाले. “आयोगाने उपलब्ध संदर्भावरून...”

“बाहेर बाकावर मावशी खिडकीवरून कुरकुरत होत्या,” चारुशीला त्यांच्याकडं न बघता म्हणाली. “अर्धा तास. खिडकीतून येतं त्याला त्या वारं म्हणाल्या, मॅडम. त्याला एकदाही हवा म्हणाल्या नाहीत.”

अध्यक्षताईंनी चष्मा काढला. “निवेदन तुम्ही टंकलं होतं?”

“हो.”

“मग तेव्हा तुम्हाला काय समजलं होतं?”

साहेब तिच्याकडं बघत होते. मार्चची यादी, बेचाळीस निळ्या खिडक्या, तीन नंबर, सात नंबर. चारुशीला उठली. पण समितीकडं वळली नाही. ती भिंतीजवळच्या खुर्चीपाशी गेली, वही तशीच उघडी धरून, आणि त्या बिनबाह्यांच्या स्वेटरसमोर उभी राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “खिडकीनं काही झालं नाही. ऑक्सिजन सरला होता. संघपाल ऑक्सिजनबिगर गेला. मले तवाच समजलं होतं, अन् म्या लिहिलं नाही.”