उपाशीपोटी एक गोळी

"खुर्चीवर गुडघे टेका. पावलं बाहेर लोंबू द्या," डॉक्टर म्हणाले.

या वयात मी खुर्चीवर गुडघे टेकलेली, हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट, डॉक्टरांकडे पाठ. त्यांनी टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल उडालेलं जाणवलं, पण परत जागेवर यायला त्यानं भलताच वेळ लावला. त्यांनी पुन्हा मारली.

"बघितलंत?"

"मला कसं दिसणार? पाठीला डोळे आहेत का मला?"

डॉक्टर हसले. मी आले होते घसा दाखवायला. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते मी. आवाज घोगरा नि जड झाला, प्रवाशांना गाडीचं गाव कळेना, तेव्हा साहेबांनी पिटाळलं. नाहीतर मी कशाला येते!

हे गेल्यापासून मी अशीच होते. अंग शिशासारखं जड, ऐन उन्हाळ्यात स्वेटर, कंगव्यात केसांचे पुंजके, तोंड सुजलेलं. शेजारीपाजारी म्हणायचे, बाईनं फार मनाला लावून घेतलंय. नणंद तर ज्याला त्याला सांगत सुटायची, "दादा गेला आणि वहिनी संपली." खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटायचं. मूल ना बाळ. ह्यांचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं.

"थंडी वाजते? पोट साफ होतं? विसरायला होतं?"

"होतं हो सगळं. नवरा गेल्यावर होणारच."

"नवरा गेल्यावर पाऊल इतकं सावकाश खाली येत नाही, ताई," डॉक्टर म्हणाले आणि रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला. थायरॉईड. गळ्यातली ग्रंथी आळसावली होती, म्हणून सगळं शरीरच रेंगाळत चाललं होतं. "रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आवाज, सूज, मरगळ, हळूहळू सगळं जाईल."

"सगळं?"

"सगळं!" डॉक्टर खुशीत म्हणाले. मी चिठ्ठी चुरगाळून पिशवीत कोंबली.

गोळ्यांची बाटली ओट्यावर ठेवली आणि हात लावला नाही. हे गेले तेव्हा मी टिपूसही गाळलं नव्हतं. लोक म्हणाले, धक्का बसलाय. मलाही वाटलं, दुःख खोल गेलंय, म्हणून वर येत नाही. आता हा डॉक्टर सांगतो, आत एक आळशी ग्रंथी आहे. नुसती तीच असली तर? गोळी घेतली आणि सगळं साफ झालं, खाली काहीच निघालं नाही, तर मग इतकी वर्षं संसार केला तो कुणाशी?

रविवारी नणंद आली. बाटली तिच्या डोळ्यांत भरली.

"ही कसली औषधं, वहिनी?"

मी सांगितलं. चहाचा कप तिनं खाली ठेवला.

"म्हणजे... दादासाठी नव्हतंच ते?"

कुजकेपणानं नाही बोलली. सहज तोंडातून निघून गेलं तिच्या. पण मला असं झोंबलं!

"वन्सं, उठा आता. मला पडायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तणतणत पहिली गोळी गिळली. म्हटलं, होऊन जाऊ दे काय तो सोक्षमोक्ष.

बरेच आठवडे ढिम्म फरक नाही. मग एका दुपारी केबिनमध्ये चक्क उकडलं. स्वेटर काढला. पुढे भूक लागायला लागली, चेहऱ्याची सूज उतरली. एके दिवशी कंडक्टर खिडकीतून डोकावून म्हणाला, "बाई, माईक बदलला वाटतं?"

"माईक तोच आहे रे. बाई दुरुस्त झाली."

तो हसला, मीही हसले. आणि लगेच जिवाला चुटपुट लागली. रोज रात्री अंथरुणावर पडले की आत चाचपून बघायचे, आहे का काही? काही लागायचं नाही. हलकं नुसतं. ह्यांच्या फोटोकडे बघायची लाज वाटायला लागली.

पुन्हा रक्त दिलं, पुन्हा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटलाच आनंदानं. "एकदम नॉर्मल! आणि आवाज काय खणखणीत झालाय! जा, घरी सांगा सगळ्यांना."

"सांगते," मी म्हटलं.

आणि खरंच सांगायला निघाले हो! डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला हात घालेपर्यंत मनात सगळं जुळवून झालं होतं. चप्पल काढता काढताच सांगायचं, मी बरी झाले. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, "म्हणजे परत घरात घोषणा सुरू?" मग मी म्हणणार, "हो, आणि तुमची गाडी नेहमीसारखी लेट." मग हे चष्म्यावरून बघत हसणार.

दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि लक्षात आलं. घरी कोण आहे?

रडू असं फुटलं की आवरेना. तेही नव्या, खणखणीत आवाजात. बाहेर बसलेले सगळे पेशंट बघायला लागले. एका खोकणाऱ्या आजोबांनी सरकून बाकावर जागा केली. मी बसले नि रडत राहिले.

नर्स धावत आली. "काय झालं, ताई? रिपोर्ट वाईट आला का?"

मी मान हलवली. "चांगला आलाय."

तिला काही समजेना. "मग परत आत जायचंय का? डॉक्टरांना सांगू?"

"नको. त्यांचं काम झालं," मी म्हटलं. "मला जरा इथे बसू द्या."

"बसा ना," ती म्हणाली, आणि तिनं पुढच्या पेशंटला आत सोडलं.